अर्ध्या मैदानात जवळा

नाताळ जवळ आला की वसईच्या पाचूबंदरात घरोघर कागदी चांदण्या लागतात, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लोंबू लागतात, आणि सिमेंटवर सुकत घातलेल्या जवळ्याचा वास थंडीमुळे वर न जाता जमिनीलगत रेंगाळत राहतो. या वासानं इथल्या माणसांना भूक लागते. मला भीती वाटते. मी आता मोठी आहे, नोकरी करते, चारचौघांत भांडायला उभी राहते. पण डिसेंबरातल्या संध्याकाळी त्या रस्त्याला वळले की पाय जरा मागेच राहतात.

याच दिवसांत बास्केटबॉलचे सामने असतात. गावच्या कोर्टाच्या कठड्यावर माणसं येऊन बसतात आणि वाद सुरू होतो, सगळ्यांत मोठा कोच कोण? पूर्वेकडच्या पेंडसे सरांनी किती कप आणले ते कुणीतरी सांगतं. मग दुसरा कुणीतरी विडी विझवत म्हणतो, "पेंडसेकडं घोडे होते, घोडे. आमच्या बस्त्यावकडं काय होतं? एक पोर, बाकी सगली सुकट. तरी हरवला ना त्याला?" कठड्यावर हशा होतो. त्या सुकटीतली एक मी. मीही हसते. बस्त्याव सर तिथं असले तर या वाक्याला उठतात आणि घरी निघून जातात. लोकांना वाटतं, माणूस साधा आहे, स्तुती ऐकवत नाही. मी तो सामना बेंचवर बसून पाहिला आहे. सर का उठतात ते मला माहीत आहे.

आधी ते कोर्ट समजून घ्यायला हवं. गावात एवढी मोठी, सपाट, सिमेंटची जागा दुसरी नव्हती. त्यामुळे पाऊस संपला की तिच्यावर दोघांचा हक्क असायचा, सुकवणाऱ्या बायांचा आणि आमचा. कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं, पण समुद्राकडचा अर्धा भाग जवळ्याचा आणि रस्त्याकडचा अर्धा आमचा. मधली रेघ ही हद्द. शाळा सुटल्यावर आम्ही पोचायचो तेव्हा पलीकडे ती नखाएवढी बारीक कोलंबी गुलाबी-करड्या गालिच्यासारखी पसरलेली असायची. बाया झाडू घेऊन ती गोळा करायला येईपर्यंत आमचा सराव संपत आलेला असायचा, कारण कोर्टावर दिवे नव्हते. जवळ्यावर पाय टाकायचा नाही हे कुणी शिकवायला लागत नव्हतं. ते कुणाच्या तरी घरचं अन्न होतं. चेंडू पलीकडे गेला तर कडेला पायवाटेएवढी पट्टी मोकळी ठेवलेली असायची, तिच्यावरून एकेकीनं जायचं, चेंडू आणायचा, त्याला चिकटलेला जवळा फुंकून उडवायचा आणि पुन्हा आपल्या अर्ध्यात यायचं.

बस्त्याव सर गोखिवऱ्याला प्लास्टिकच्या एका कारखान्यात साच्यावर कामाला होते. पहिली पाळी संपवून स्कूटरवरून थेट कोर्टावर यायचे. गळ्यात शिट्टी, अंगाला वितळलेल्या प्लास्टिकचा वास. अर्ध्या मैदानात बुटक्या मुली घेऊन त्यांनी एक खेळ तयार केला होता. त्या खेळात चेंडू कुणाच्याच हातात राहायचा नाही. चेंडू गरम आहे असं समजा, म्हणायचे, धरून ठेवाल तर भाजेल. मग आम्ही पाचजणी त्या गरम चेंडूच्या मागंपुढं भिंगरीसारख्या फिरायचो. कुणी एक भारी नव्हतीच, म्हणून सगळ्या सारख्याच कामाच्या होत्या. मी तर पाचांतली सगळ्यांत कच्ची, तरी सर मला विसरायचे नाहीत. आम्ही पहिल्या फेरीच्या पुढे कधी गेलो नाही. पण समानता म्हणतात ती ही, अशी माझी तेव्हा खात्री होती, आणि ती खात्री मी आजही पूर्णपणे सोडलेली नाही.

पेंडसे सर रेल्वेच्या पलीकडे, छत असलेल्या, लाकडी जमिनीच्या कोर्टात शिकवायचे. शाळाशाळांतून हिंडून उंच मुली शोधून न्यायचे. मुलीबरोबर तिच्या आईवडिलांचीही उंची बघतात, असं आमच्यात बोललं जायचं. पांढरे स्वच्छ बूट घालून ते मैदानाच्या कडेला शांत उभे राहायचे आणि त्यांच्या मुली आमच्या डोक्यांवरून चेंडू उचलून न्यायच्या, घरातल्या मोठ्या माणसानं मुलांच्या हातातला खाऊचा डबा उचलून फळीवर ठेवावा तशा.

माझे बाबा पाण्यासाठी, मिठागरांसाठी, बंद झालेल्या बसच्या फेऱ्यांसाठी पत्रकं काढायचे. त्यांच्या घड्या घालतच मी वाढले. पत्रकात शत्रू एकच ठेवायचा, हे त्यांचं शिक्षण. दोन ठेवले की वाचणारा गोंधळतो आणि घरी जातो. माझा शत्रू ठरलेला होता. कोचला कपांवरून मोजू नका, त्याच्या हाती काय दिलं होतं आणि त्याचं त्यानं काय केलं यावरून मोजा, असं मी भेटेल त्याला ऐकवायचे. निवडून घेतलेल्या उंचीला शिस्त लावणं म्हणजे शिकवणं नव्हे. शिकवणं बघायचं तर अर्ध्या मैदानात या. टीममधल्या मुली मला ए पत्रक म्हणूनच हाक मारायच्या.

मग सेलिना आली.

ती फिलुमावशीची मुलगी. फिलुमावशी धक्क्यावर मासळी घेऊन वसईच्या बाजारात विकायची, नवरा बोटीवर. एका संध्याकाळी सरांनी सेलिनाला वलांडीच्या सगळ्यांत वरच्या दोरीवर बोंबील अडकवताना पाहिलं. पायाखाली स्टूल नव्हतं, डबा नव्हता. नुसत्या छोट्या छोट्या उड्या मारत ती एकेक जोडी वर टाकत होती आणि उडीच्या टोकाला क्षणभर थांबत होती. सर स्कूटर चालू ठेवून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती कोर्टावर होती. चौदा वर्षांची, नखं खाणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. पहिल्यांदा तिनं चेंडूसाठी उडी घेतली तेव्हा आम्ही पाचजणी खेळायच्या थांबलो. पलीकडे जवळा परतणाऱ्या बायाही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आमच्या हाती काहीतरी आलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, आठवडाभर. मग भीती सुरू झाली.

कारण सर बदलले. गरम चेंडू गेला. आता एकच वाक्य होतं, सेलिनाला द्या. मी बदली खेळाडू झाले. बाकी चौघी धावायच्या ते तिच्या हातात चेंडू पोचवायला, आणि पोचवला की बाजूला व्हायच्या. सर सराव संपल्यावरही कठड्यावर बसून राहायचे. गालफडं आत गेली. भर गर्दीतून काचेची मोठी वस्तू नेणाऱ्या माणसासारखे ते चालायला लागले, कोपरं बाहेर काढून. इतकी वर्षं ज्याला काही मिळालंच नव्हतं त्याच्या हाती ही पोर आली होती, आणि ती कशी धरायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाईट टीमला चांगलं शिकवणारा कोच चांगल्या खेळाडूलाही चांगलं शिकवेल, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते कुणी तपासलं नव्हतं. तपासणार कसं? तशी खेळाडू आधी आलीच नव्हती.

ती उडी घ्यायची तेव्हा सगळे वर बघायचे. मी बेंचवर, म्हणजे कठड्याच्या टोकाला, आणि मी खाली बघायचे. सिमेंटवर ती उतरायची तो आवाज मला अजून ऐकू येतो. नारळ पडतो तसा नाही. त्याहून बोदा, आतून येणारा. त्या थंडीत ती भराभर वाढत होती. शाळेचा स्कर्ट नाताळाआधीच आखूड झाला होता. डावा गुडघा संध्याकाळी सुजायचा. सर विचारायचे दुखतं का, ती नाय म्हणायची. फिलुमावशी रात्री कोमट तेल चोळायची आणि म्हणायची की हाडं वाढतात तेव्हा दुखतातच, आमची पन दुखली. मला रोज वाटायचं, कुणीतरी हे थांबवायला हवं. रोज वाटायचं, कोण, मी? आणि थांबवलं तर सामन्यांचं काय? हे दुसरं वाक्यही माझंच होतं.

त्या वर्षी आम्ही पहिली फेरी ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि उपांत्य फेरीत समोर पेंडसे सरांची टीम आली.

सामना एका शाळेच्या मैदानावर होता. पूर्ण कोर्ट, सगळं सिमेंट रिकामं. तिथं एक विचित्र गोष्ट झाली, आधीच्या कच्च्या टीमसमोर ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती. आमच्या मुली चेंडू घेऊन मधल्या रेघेपर्यंत छान यायच्या, आणि रेघ आली की आपोआप कडेला सरकायच्या. पलीकडच्या अर्ध्यात त्या एकामागोमाग एक, ओळीनं, कडेकडेनं धावत होत्या. मधलं सगळं मैदान मोकळं पडलेलं. प्रेक्षकांत आधी कुजबुज झाली, मग हसू. पेंडसे सरांच्या मुलींना ते लगेच कळलं. त्यांनी दोन्ही कडा अडवल्या आणि आमचा खेळ बंद केला. आमच्यातल्या एकीलाही कळत नव्हतं की आपण काय करतोय. सरांना कळलं तेव्हा त्यांनी टाइमआउट घेतला. चेहरा पांढरा पडला होता. इतकी वर्षं समोर घडत होतं ते त्यांना त्या क्षणी दिसलं होतं. आम्हांला जवळ बोलावून ते अगदी हळू म्हणाले, "तिकडं जवला नाय, पोरींनो. पाय टाका."

आम्ही सगळ्यांनी एकदा वळून जमिनीकडे पाहिलं. खरंच नव्हता. तरी पाय अडखळायचे राहिले नाहीत. मधून जाणारी एकटी सेलिना होती, कारण ती सरावाला सगळ्यांत उशिरा आलेली, तिच्या पायांना ती सवय पुरती लागलेली नव्हती. मग सगळे चेंडू तिच्याकडे. आणि ती उडत राहिली. आम्ही मागून आलो, बरोबरीला आलो.

तिसऱ्या क्वार्टरला पेंडसे सरांची सगळ्यांत उंच मुलगी थांबताना थोडी लंगडली. दोन पावलं, जास्त नाही. त्यांनी हात वर केला, तिला बसवलं, गुडघ्यावर बर्फ ठेवायला लावला आणि तितक्याच उंचीची दुसरी मुलगी आत पाठवली. मला प्रचंड राग आला. याला परवडतं म्हणून, मी मनात म्हणाले, पाच आहेत याच्याकडे. त्यानंतर थोड्याच वेळानं सेलिना उतरली आणि तो आवाज आला. या वेळी तिचा हात गुडघ्याकडे गेला. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी बेंचकडे पाहिलं.

बेंचवर मी होते. सरांची नजर माझ्या डोक्यापासून बुटांपर्यंत उतरली आणि तिथंच थांबली. त्यांनी मला इतक्या वर्षांत तसं कधीच पाहिलं नव्हतं. मग ते मैदानाकडे वळले आणि त्यांनी सेलिनाला विचारलं, खेळशील? ती हो म्हणाली. चौदा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार होती?

आम्ही जिंकलो. ढोल वाजले. गावच्या माणसांनी बस्त्याव सरांना खांद्यावर उचललं. तिथं उंचावर बसून ते घाबरल्यासारखे गर्दीत कुणाला तरी शोधत होते. सेलिना शाळेच्या पायरीवर बसली होती आणि फिलुमावशी बाटलीतलं गार पाणी तिच्या गुडघ्यावर ओतत होती.

कठड्यावरच्या वादात तो सामना म्हणजे पुरावा. थोडक्यातून खूप केलं, म्हणून बस्त्याव मोठा. माझाच हिशेब, माझ्याच शब्दांत मला परत ऐकवला जातो. आणि मला विचारावंसं वाटतं, थोडकं कुणाला म्हणताय? ते थोडकं पायरीवर बसलं होतं. पेंडसे सरांची दया त्यांच्या पाच उंच मुलींवर उभी होती हे खरं. पण मग आमच्या सरांचं ते विचारणं, खेळशील का, ते माझ्या बुटकेपणावर उभं होतं. मी दोन बोटं उंच असते तर सेलिना बसली असती. ही भीती मला कुणी समजावून काढून टाकू शकलेलं नाही. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्या बाजूनं मी आयुष्यभर बोलेन, पण कमी असल्यानं माणूस चांगलाच होतो, असं आता माझ्याच्यानं लिहवत नाही. कमी असणं आपल्याला एकाच माणसाच्या हाडांवर सगळा भार टाकायला शिकवतं. जास्त असणाऱ्यांना ते पाप करायची गरजच पडत नाही. त्यांना आपण दयाळू म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले. पिशवीत पत्रकाचा मसुदा होता, फायनलच्या दिवशी वाटायचा. उंच मुली पळवणाऱ्या कोचचं काय करायचं ते त्यात लिहिलं होतं. सरांना दाखवायचा होता. लिलाव संपला होता. फिलुमावशी पाटीतली मासळी वेगळी करत होती, सेलिना शेजारी पाय लांब करून बसली होती. सर उभे होते. आणि ओल्या धक्क्यावरून पांढरे बूट जपत पेंडसे सर येत होते.

हरल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. सेलिनाचा गुडघा बघू का, असं त्यांनी फिलुमावशीला विचारलं, मग तिथंच उकिडवे बसले आणि एका अंगठ्यानं हळूहळू दाबत गेले. एका जागी सेलिनानं ओठ चावला. हिला माझ्याकडे द्या, ते म्हणाले, पाऊस येईपर्यंत हिला उडी मारू देणार नाही, नुसतं उतरायला शिकवीन. माझं पत्रक पिशवीतच राहिलं. त्यात शत्रू एकच होता, आणि तो माशांच्या पाण्यात उकिडवा बसून हे बोलत होता.

फिलुमावशीनं हातातला सुरा खाली ठेवला नाही. मान वर न करताच म्हणाली, "मला खेलातलं काय कलत नाय. पोर एकच हाय. तुमच्यात चांगला कोन तेवढं सांगा."

बस्त्याव सर समोरच्या बोटींकडे बघत होते.

"बारक्या पोरी दे, मी चांगला हाय," ते म्हणाले. "पन फिलू, ही माझ्याकडं राहिली तर फायनलला मी हिला खेलवीन. तू नको बोललीस तरी खेलवीन. मला माझीच भीती वाटते."

मग सेलिना म्हणाली, "सगले माझ्या गुडघ्याशी बोलतात." ती हसली नाही. पेंडसे सरांकडे वळून तिनं विचारलं, तिथली जमीन लाकडाची आहे ना. ते हो म्हणाले. "मग पडल्यावर आवाज कमी येत असंल," ती म्हणाली.

म्हणजे तो आवाज तीही ऐकत होती. रोज, आतून. आणि रोज नाय म्हणत होती.

ती पेंडसे सरांकडे गेली. नाताळानंतरच्या रविवारी आम्ही फायनल तिच्याशिवाय खेळलो आणि सडकून हरलो. गावानं सरांना सोडलं नाही; सणाच्या दिवसांत, जेव्हा घरोघर ताटं जातात, तेव्हा काही घरांतून त्यांच्याकडे ताट गेलं नाही. हातातला कप फेकला, असं त्यांना तोंडावर ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे. आणि जानेवारीतल्या पहिल्या सरावाला, आम्ही पाच बुटक्या मुली अर्ध्या मैदानात उभ्या असताना, एकीच्या हातून चेंडू सटकून जवळ्यात गेला तेव्हा सर खळखळून हसले. सेलिना आल्यापासून ते हसले नव्हते. गालफडं भरायला लागली होती. त्यांना हलकं वाटत होतं. एवढी उंच उडी आपल्या आयुष्यातून गेली याचं त्या माणसाला सुख झालं होतं, आणि ते मला दिसत होतं, आणि मला त्यांचा राग येत नव्हता. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

सेलिना पुढे काही वर्षं खेळली, वसईबाहेरही खेळली, मग सोडलं. गुडघ्यामुळे का, असं मी तिला एकदा विचारलं. राजोडीला पाहुण्यांच्या एका घराचं स्वयंपाकघर ती सांभाळते. कालवणाला फोडणी देत होती. "नाय गं," ती म्हणाली, "कंटाला आला." तिच्याकडे बघून कुठल्याच कोचच्या बाजूनं काही सिद्ध होत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

सरांना आता संध्याकाळचं नीट दिसत नाही. त्यामुळे शनिवारी कोर्टावर मी असते. लहान मुली असतात, बुटक्या, बडबड्या, एकमेकींच्या पायात पाय अडकवून पडणाऱ्या. त्यांच्याबरोबर मी बरी आहे, हे मला कळतं. दर शनिवारी माझ्या मनात एक गोष्ट असते, ती मी कुणाला सांगितलेली नाही. यांच्यातली कुणी फार चांगली निघू नये.

गेल्या महिन्यात हर्षाली आली. मागच्या आळीतली, बारा वर्षांची. तिनं पहिली उडी घेतली आणि मी शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. पेंडसे सर थकले आहेत, पण अजून शिकवतात. त्यांचा नंबर मी मिळवला आहे. हर्षालीच्या आईशीही बोलले आहे. ती म्हणाली, ताई, तुम्ही म्हणाल तसं. सामने तोंडावर आहेत, आणि या वर्षी आम्ही जिंकू शकतो. कठड्यावरची माणसं आता वाद थांबवून खेळ बघतात.

फोन अजून केलेला नाही.